माझा एक तास कुणाच्या वाट्यातून आला?



वेळेच्या नियोजनाचं प्रशिक्षण मी आजवर तीनदा घेतलं आहे. तिन्ही वेळा बरणीची गोष्ट ऐकली. बरणीत आधी मोठे दगड टाका, मग खडे, मग वाळू, म्हणजे सगळं मावतं. आधी वाळू ओतली तर दगडांना जागाच उरत नाही. मोठे दगड म्हणजे आपली महत्त्वाची कामं. गोष्ट चांगली आहे, मीही वर्गात सांगितली आहे. पण बरणी भरताना सांडलेली वाळू कोण झाडतं, हे त्या गोष्टीत कधीच येत नाही. मला आज त्याबद्दल लिहायचं आहे.

मी भांडगाव परिसरात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. चौथीचा वर्ग माझ्याकडे. नोकरीला एकवीस वर्षं झाली. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्या शिक्षकांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त शिल्लक आहे, त्यांनी दोन वर्षांच्या आत टीईटी उत्तीर्ण व्हायचं. पाच वर्षांहून कमी सेवा राहिलेल्यांना सूट, पण बढती हवी असेल तर परीक्षा त्यांनाही चुकली नाही. टीईटीची अट मुळात २०१० सालची, आपल्या राज्यात पहिली परीक्षा झाली २०१३ च्या डिसेंबरात. माझ्यासारखे त्याआधी लागलेले शिक्षक इतकी वर्षं या परीक्षेकडे लांबून बघत होते. त्या संध्याकाळी ग्रुपवर जे सुरू झालं ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. कुणी संतापलं, कुणी देवाचे फोटो टाकले, आणि रात्री अकराला एका बाईंनी फक्त एवढंच लिहिलं, "पण अभ्यास करायचा कधी?"

परीक्षेला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. मुलांची दर आठवड्याला चाचणी घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या चाचणीला घाबरू नये. एकवीस वर्षांनंतर अचानक नोकरीवर टांगती तलवार ठेवणं बरोबर की चूक, हा वाद वेगळा, तो संघटना लढतील. माझ्यापुरता प्रश्न त्या बाईंनी विचारला तोच होता. कधी?

पहाटे चारचा प्रयोग

सगळे सांगतात पहाटे उठा. मीही चारचा गजर लावला. नऊ दिवस टिकला.

हे का टिकलं नाही ते सांगण्यासाठी आमच्या गावचं घड्याळ सांगायला हवं. भांडगाव पुणे-सोलापूर महामार्गावर, यवत आणि चौफुला यांच्या मध्ये. एका अंगाला कंपन्या, दुसऱ्या अंगाला ऊस. त्यामुळे गावात वेळ एक नाही, तीन-चार आहेत. कंपनीतल्या माणसाची वेळ पाळीवर चालते, आणि पाळी दर आठवड्याला बदलते. शेतकऱ्याची वेळ मोटारीच्या लाइटवर चालते. थ्री फेज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, तेव्हा रात्रीची लाइट असेल त्या आठवड्यात माणूस बॅटरी घेऊन उसात. कालव्याचं आवर्तन सुटलं की आणखी वेगळं गणित. हंगाम सुरू झाला की गुऱ्हाळं पेटतात, ऊसतोडीची कुटुंबं येतात, त्यांची पोरं आमच्या वर्गात बसतात आणि त्यांचे आईवडील रात्री दोनला गाडी भरायला जातात.

माझे मिस्टर कंपनीत आहेत. पहिली पाळी असली की पहाटे पाचला त्यांचा डबा लागतो. दुसरी असली की ते रात्री साडेबाराला येतात आणि जेवायला वाढावं लागतं. तिसरी असली की सकाळी येऊन झोपतात, तेव्हा घरात भांडं वाजवायचं नाही. म्हणजे दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मी एकला झोपून चारला उठत होते. नवव्या दिवशी वर्गात एका पोराने गुणाकाराची मांडणी तिसऱ्यांदा चुकवली आणि मी त्याची वही टेबलावर आपटली. तो रडला नाही. माझ्याकडे बघत राहिला. मधल्या सुट्टीत मी गजर काढून टाकला.

पहाटे उठून मोठे झालेल्या माणसांच्या गोष्टी खऱ्या असतीलही. पण त्यांचा डबा कुणी केला होता, हे एकदा विचारायला हवं. इटलीतल्या फ्रान्चेस्को सिरिलो नावाच्या विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ घेऊन पंचवीस मिनिटांची पद्धत काढली, तीच आज जगभर पोमोडोरो म्हणून गाजते आहे. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. मी करून बघितली. पद्धत चांगली आहे. फक्त माझ्या घरी स्वयंपाकघरातलं घड्याळ पंचवीस मिनिटांनी वाजायच्या आत कुकर तीनदा वाजतो.

१६८ तासांचा कागद

मग मी एक साधं काम केलं. मुलांच्या जुन्या हजेरीपत्रकाची पाठकोरी पानं घेतली आणि एक आठवडा, आपण काय केलं ते दर अर्ध्या तासाला लिहिलं. आठवड्याचे तास १६८. त्यात झोप साडेपंचेचाळीस. शाळा साडेछत्तीस. शाळेचं घरी आणलेलं काम, म्हणजे टाचण, वह्या, ऑनलाइन माहिती, अकरा. जाणं-येणं तीन. स्वयंपाक, धुणं-भांडी, झाडलोट, पाणी, सासूबाईंची औषधं मिळून तेहतीस. अंघोळ, जेवण वगैरे चौदा. फोन नऊ. राहिले सोळा. ते पाहुणे, बाजार, दवाखाना आणि कुठे गेले ते न कळलेलं, यात.

फोनचे नऊ तास बघून मला लाज वाटली. पण त्यातले निम्मे तरी शाळेच्याच ग्रुपचे होते. "अति तात्काळ, आज पाच वाजेपर्यंत" असा मेसेज पावणेपाचला येतो, आणि तीच माहिती आपण गेल्या महिन्यात दुसऱ्या नमुन्यात भरलेली असते. पोषण आहाराची रोजची नोंद, आधारची दुरुस्ती, यू-डायस, बीएलओचं काम. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकांना कोणतं बिगर-शैक्षणिक काम देता येईल ते स्पष्ट आहे: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. बाकीचं कुठून आलं हे तुम्हीच तुमच्या कागदावर बघा.

त्याच कायद्याच्या परिशिष्टात आणखी एक आकडा आहे, तो आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या लक्षातही नसतो. शिक्षकाने आठवड्याला किमान ४५ तास काम करायचं, आणि त्यात तयारीचे तास धरलेले आहेत. तयारी हा कामाचाच भाग आहे, असं कायदा म्हणतो. आपण मात्र टाचण रात्री दहाला घरी काढतो आणि त्याला घरचं काम समजतो. माझे साडेछत्तीस आणि अकरा मिळून साडेसत्तेचाळीस होतात. म्हणजे मी कामचुकार नव्हते, हे त्या कागदाने मला पहिल्यांदा सांगितलं. इतकी वर्षं मला वाटायचं की आपल्यालाच जमत नाही.

कागद बघून मी दोन गोष्टी ठरवल्या. एक, टाचण आणि वह्या शाळेतच संपवायच्या, मग मधल्या सुट्टीतल्या गप्पा गेल्या तरी चालतील. (गप्पा गेल्या, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. सहकाऱ्यांशी वीस मिनिटं बोलणं हा वाया गेलेला वेळ नव्हता, हे नंतर कळलं.) दुसरी, रोज एक तास अभ्यासाचा. तो एकाच वेळी येणार नव्हता, म्हणून तीन वेळापत्रकं केली, पाळीनुसार. पहिल्या पाळीच्या आठवड्यात मिस्टर चारला घरी येतात, तेव्हा संध्याकाळी साडेसहा ते साडेसात, स्वयंपाक त्यांच्याकडे. त्यांना खिचडी आणि पिठलं येतं. त्या आठवड्यात आम्ही आलटून पालटून तेच खाल्लं. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात ते दहानंतर निघतात, तेव्हा आठ ते नऊ. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यातही आठ ते नऊच, कारण दुसरी वेळ नव्हती. तिन्ही कागद फ्रिजवर लावले.

अभ्यासाबद्दल थोडं सांगते, कारण तुमच्यापैकी अनेक जण यातून जात आहेत. पेपर एक म्हणजे दीडशे प्रश्न, दीडशे गुण, अडीच तास. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, म्हणजे नव्वद गुण, आणि राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. मी पहिले पंधरा दिवस पुस्तक वाचत होते, खुणा करत होते, आणि दुसऱ्या दिवशी काही आठवत नव्हतं. मग आधीच्या प्रश्नपत्रिका घेतल्या. आधी सोडवायच्या, चुकायचं, मग चुकलेल्या भागापुरतं पुस्तक उघडायचं. चुकलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने परत. हे काही माझं डोकं नाही. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा आलेख मांडला होता, आणि तो मी बालमानसशास्त्राच्या त्याच पुस्तकात खुणा करून वाचला होता! आपण मुलांना "पाच वेळा वाचून काढ" म्हणतो, त्याऐवजी "पुस्तक मिटून सांग" म्हणायला मी या परीक्षेमुळे शिकले. वर्गातही तेच सुरू केलं. त्या अर्थाने हा तास माझ्या शाळेलाही मिळाला.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. माझे सरावाचे गुण ७८ वरून ९६ वर गेले. फ्रिजवरच्या कागदावर मी रोज बरोबरची खूण करत होते. शाळेत मी सगळ्यांना सांगू लागले की नियोजन केलं तर सगळं जमतं. एका शिक्षण परिषदेत मला त्यावर दहा मिनिटं बोलायलाही लावलं.

जे कागदावर नव्हतं

दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या मुलीच्या वर्गशिक्षिकांचा फोन आला. ती दहावीला आहे. प्रथम सत्रात गणितात तिला नेहमी सत्तरच्या पुढे असतात, या वेळी बावन्न होते. बाई म्हणाल्या, "घरी काही अडचण आहे का? तास चालू असताना पेंगते."

घरी आले तर ती ओट्यापाशी उभी होती. तेव्हा मला दिसलं. रोज दिसत होतं, पण त्या दिवशी दिसलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात आठ ते नऊ मी दार लावून बसत होते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या उभ्या राहू शकत नाहीत. मग भाजी कोण टाकत होतं? भांडी कोण घासत होतं? रात्री साडेबाराला तिच्या वडिलांना, मी दमून झोपले असेन म्हणून, कोण वाढत होतं? मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिने कधी विचारलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "आई, तुझी परीक्षा झाली की मी करते ना अभ्यास. माझी फेब्रुवारीत आहे."

आणि माझा मुलगा सातवीत आहे. त्याच्या वेळेला या सगळ्यात कुणी हात लावला नव्हता. तो सहा ते सात मैदानावर, सात ते आठ टीव्हीपुढे, मग जेवायला पाटावर. समानतेवरचा पाठ मी दर वर्षी शिकवते. घरातल्या कामांची चित्रं दाखवून "हे काम कोण करतं?" असं मुलांना विचारते. माझ्या घरी मी ते विचारलं नव्हतं.

माझ्या १६८ तासांच्या कागदावर माझा वेळ अगदी अर्ध्या तासाने अर्धा तास मांडलेला होता. तिचा वेळ त्यावर कुठेच नव्हता. मला वाटत होतं मी एक तास वाचवला. वेळ वाचत नसतो हो. भाकरी कुणीतरी थापावीच लागते. मी थापली नाही तर ती माझ्या लेकीने थापली, एवढाच तो हिशेब होता.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०२४ साली देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि जे पुरुष अशी कामं करतात ते ८८ मिनिटं. २०१९ च्या सर्वेक्षणात हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटं कमी झाली, पुरुषांचीही नऊ कमी झाली, मधली दरी आहे तिथेच आहे. माझ्या कागदावरचे तेहतीस तास सातने भागून बघितले. दिवसाला २८३ मिनिटं. पगारदार, स्कुटी चालवणारी, एकवीस वर्षं नोकरी केलेली मी देशाच्या सरासरीपासून सहा मिनिटांवर उभी होते. अभ्यासाला बसल्यावर माझा आकडा खाली आला असणार आणि तिचा वर गेला असणार, घराची बेरीज तेवढीच.

आमच्या इथून चौफुल्याला वळलं की केडगाव. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायकांना तिथे आसरा दिला आणि पुढे आयुष्यभर ती संस्था चालवली. ती चालवतानाच त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत बायबलचं भाषांतर करायचं मोठं काम अंगावर घेतलं, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांचं निधन झालं त्याच्या थोडंच आधी ते पुरं केलं. वर्षानुवर्षं चाललेलं काम. त्यांच्या चिकाटीबद्दल आपण बोलतो, ते बरोबरच आहे. मला आता त्यातलं दुसरं दिसतं. तिथे छापखाना होता आणि तो आश्रमातल्या बायका चालवत होत्या. शाळेच्या कारभारात त्यांची मुलगी मनोरमा होती. कामं वाटलेली होती, आणि ती कुणाकडे आहेत हे उघड होतं. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बाईला माहीत होतं की आपण खिळे जुळवतो आहोत. माझ्या मुलीच्या कामाला आमच्या घरात नावही नव्हतं.

मी अभ्यास सोडला नाही. त्या रात्री सोडायचं मनात आलं होतं, कारण आईने त्याग करायचा ही सवय हाताशी असते आणि ती सोपी असते. पण मग मुलीला आणखी एक गोष्ट शिकवली गेली असती, की घरात वेळ कमी पडला की तो बाईनेच द्यायचा. त्याऐवजी रविवारी सगळे बसलो. या वेळी कागद पाच जणांचा केला, सासूबाईंसकट. पहिल्यांदा कामच कमी केलं. संध्याकाळी पोळ्या बंद, सकाळीच जास्तीच्या करायच्या. संध्याकाळी एकच पदार्थ. सासूबाई बसून भाजी निवडायला आणि लसूण सोलायला तयार झाल्या, पण म्हणाल्या, "आमच्या वेळी असं कागद लावून कुणी जेवत नव्हतं." रात्रीचं जेवण डब्यात, मिस्टरांनी येऊन स्वतः घ्यायचं. भांडी मुलाकडे. पहिल्या आठवड्यात दोन कपांचे कान गेले. भांड्यांना अजून खालून काळं राहतं. राहू दे.

हे सगळं गोडीगुलाबीने झालं असं समजू नका. मिस्टर दोन दिवस बोलले नाहीत. त्यांचंही काही चुकलं नव्हतं. आठ तास मशिनपुढे उभं राहून, दर आठवड्याला झोपेची वेळ बदलणारा माणूस दमलेलाच असतो. पण दमणं ही फक्त पगाराच्या कामाची मिरास नाही, एवढं मी त्यांना सांगितलं. २३ नोव्हेंबरला मी पेपर देऊन आले, तेव्हा घरी खिचडी तयार होती.

आता वर्गातलं

आपल्या वर्गात एक मुलगी असते, तुमच्याही असेल. गृहपाठ नाही, वही अर्धी, अक्षर मात्र मोत्यासारखं. माझ्या वर्गातल्या त्या मुलीच्या प्रगतिपत्रकावर मी पहिल्या सत्रात वर्णनात्मक नोंद लिहिली होती, "अभ्यासात नियमितता हवी." तिची आई कंपनीत पॅकिंगला जाते. मुलगी सकाळी भावाला अंगणवाडीत सोडते, संध्याकाळी त्याला सांभाळते, भात लावते. ती माझ्यापेक्षा नियमित आहे. दुसरा एक मुलगा सकाळच्या पहिल्या तासाला झोपतो. रात्रीच्या लाइटला वडिलांबरोबर दारं धरायला जातो, कारण घरात दुसरं माणूस नाही. त्याला मी दोनदा उभं केलं होतं.

पालक सभेत आपण काय सांगतो? "मुलांना वेळापत्रक करून द्या." मीही सांगत आले. जानेवारीच्या सभेत तसं न करता प्रत्येक पालकाला एक कोरा कागद दिला आणि म्हटलं, तुमच्या मुलाने काल शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं ते लिहा. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं मी लिहून घेतलं. मुलींच्या कागदावर साडेपाच ते आठ भरलेलं होतं. बऱ्याच मुलांच्या कागदावर तिथे 'खेळ' होता. आणि पाच-सहा वडिलांना काहीच लिहिता आलं नाही, कारण त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यातले एक म्हणाले, "मॅडम, घरी जाऊन विचारून आणतो." दुसऱ्या दिवशी खरंच घेऊन आले.

एका पालकांनी मला सरळ सुनावलंही. "बाई, आम्ही शेण काढून, गुरं राखून शिकलो. कामाने पोरं बिघडत नाहीत." त्यांचं म्हणणं मला निम्मं पटतं. घरकाम न केलेली पोरं पुढे किती अडतात हे मी बघते आहे. माझं म्हणणं एवढंच, की जे काम मूल करतं ते मोजा, आणि ते फक्त थोरल्या मुलीवर पडू देऊ नका. गुरं राखणाऱ्या पोराच्या बहिणी तेव्हा काय राखत होत्या, आणि त्या कितवीपर्यंत शिकल्या, हे मी त्यांना विचारलं. ते गप्प बसले. नंतर म्हणाले, "चौथी."

वर्गात मी दोन बदल केले. रोजचा गृहपाठ बंद करून आठवड्याचा दिला. सोमवारी द्यायचा, शनिवारी बघायचा, मधे ज्या दिवशी जमेल त्या दिवशी करायचा. आणि शेवटची वीस मिनिटं वर्गातच करायला मोकळी ठेवली. त्या मुलीची वही आता पूर्ण असते. रात्री पाण्यावर गेलेल्या मुलाला परिपाठानंतर वीस मिनिटं बाकावर डोकं टेकू देते. यावर माझ्या सहकाऱ्यांमध्ये दोन मतं आहेत. एकांचं म्हणणं, अशाने बाकीची पोरंही झोपतील. अजून तरी कुणी झोपलेलं नाही.

मुख्याध्यापकांना आणि केंद्रप्रमुखांनाही एक मागणं आहे. आम्हाला तणावमुक्तीचं व्याख्यान देण्यापेक्षा, संध्याकाळी सहानंतर ग्रुपवर माहिती मागू नका. एकच माहिती दोन नमुन्यांत मागू नका. ४५ तासांमधले तयारीचे तास शाळेच्या वेळापत्रकात दिसू द्या, आठवड्यातल्या दोन तासिका का होईना. एवढं झालं तरी शिक्षिकांच्या घरातल्या कितीतरी मुलींचे तास वाचतील, कारण आमच्या रात्रीच्या ऑनलाइन माहितीची किंमत शेवटी कुठल्या ओट्यापाशी चुकवली जाते ते आता मी बघितलं आहे.

माझं एम.ए. मुक्त विद्यापीठातून अर्धं झालेलं आहे, दुसरं वर्ष आठ वर्षांपासून राहिलंय. ते यंदा करायचं म्हणत होते. फॉर्मच्या आधी पाच जणांचा कागद पुन्हा काढला आणि यंदा नाही असं ठरवलं, जूननंतर बघू. सध्या तास तिचा आहे. फ्रिजवरची माझी तिन्ही वेळापत्रकं काढली आणि तिने तिची लावली, पाळीनुसार तिनेच केलेली. या आठवड्यात दुसरी पाळी आहे, म्हणजे आठ ते नऊ तिची खोली बंद. भांडी मुलाकडे, भाजी माझ्याकडे. काल नऊला दार उघडून ती बाहेर आली आणि म्हणाली, "आई, वर्गसमीकरणाचं उदाहरण अडलंय, तू नको, बाबा आले की त्यांना विचारते." रात्री साडेबाराला ते आले, डबा उघडून जेवले, आणि वही पुढ्यात घेऊन दोघं बसले होते. मी झोपले.